हातमागाच्या साडीची घरगुती निगा

कापड दोन रीतींनी जीर्ण होते : एक वापरल्याने आणि दुसरे ठेवल्याने. रोजच्या वापरातील सुती साडी पहिल्या रीतीने संपते. ती विरते, फाटते आणि अखेर गोधडीत जाऊन सार्थकी लागते. मौल्यवान साडीची गोष्ट निराळी असते. लग्नात घेतलेली पैठणी वर्षातून एकदा-दोनदा अंगावर येते आणि उरलेला सारा काळ पेटीत काढते. पंचवीस-तीस वर्षांनी ती उलगडावी, तर घडीच्या रेषेवर रेशीम सरळ चिरत गेलेले दिसते, जर काळवंडलेली असते आणि जेथे काही सांडल्याचे कोणासच स्मरत नाही तेथे तपकिरी डाग उमटलेले असतात. साडी फारशी नेसलेलीच नव्हती, मग ती गेली कशी, असा प्रश्न घरातील माणसांना पडतो. ती नेसल्याने गेली नाही, बंद राहिल्याने गेली, हेच त्याचे उत्तर होय. जपून ठेवणे आणि जपणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ध्यानात आले की साडीच्या निगेचे बहुतेक नियम आपोआप उलगडत जातात.

जबलपूरच्या मराठी घरांत हा प्रश्न विशेष जाणवण्यासारखा आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले, १७९८ मध्ये नर्मदेचे हे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये ते इंग्रजांनी घेतले. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच कारभाराखाली होती. कचेऱ्या, न्यायालये, शाळा, रेल्वे आणि १९०४ मध्ये उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत गेली व स्थिरावली. त्यांच्या साड्यांच्या पेटीत भोवतालच्या मुलखाचा नकाशाच उतरला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दक्षिणेकडून नागपुरी सुती लुगडी आणि भंडाऱ्याकडची करवतकाठी कोशाची साडी आली. वायव्येकडून चंदेरी आली. नर्मदेच्याच काठी, पण पुष्कळ पश्चिमेला असलेल्या महेश्वराहून माहेश्वरी आली. तेथील विणकरीला अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात आश्रय दिला होता. आणि माहेरच्या किंवा सासरच्या मानाची पैठणी महाराष्ट्रातून आली. सुती, रेशमी, कोशाची, मिश्र धाग्याची आणि जरीची अशी नाना प्रकृतींची वस्त्रे एकाच कपाटात नांदत असल्याने सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही.

त्यात हवामानाची भर पडते. जबलपूरला उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जूनच्या मध्याला पाऊस सुरू होतो व सप्टेंबरअखेरपर्यंत मीटरभराहून अधिक पाणी पडते. मग थंडी येते, तीही कोरडी. धागा हवेतील ओल घेतो व सोडतो. ओल घेताना तो फुगतो आणि सोडताना आक्रसतो. वर्षभर चाललेल्या या हालचालीचा सारा ताण घडीच्या धारेवर येतो. हवेतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशीला अनुकूल वेळ येते, आणि येथील श्रावण-भाद्रपदात ती न येईल तरच नवल. शिवाय मंगळागौर, गणपती, गौरी हे रेशमी साडी नेसण्याचे सण नेमके त्याच ओल्या दिवसांत येतात. साडी दमट हवेत नेसली जाते आणि दमट अवस्थेतच घडी होऊन आत जाते.

निगा कशी राखावी हे समजण्यासाठी धाग्याची जात प्रथम ओळखली पाहिजे. सूत वनस्पतीचे आणि रेशीम प्राण्याचे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो, तर रेशीम हे केसांप्रमाणे प्रथिन आहे. या एका भेदातून पुष्कळ गोष्टी निघतात. सुताला धुण्याचा सोडा फारसा बाधत नाही, पण आम्ल बाधते. रेशमाला सौम्य आम्ल चालते, पण सोड्याने ते रूक्ष व ठिसूळ होते. सूत ओले झाले की अधिक बळकट होते, तर रेशीम ओलेपणी दुबळे होते. म्हणून रेशमी साडी पिळणे किंवा आपटणे म्हणजे ती दुबळी असताना तिच्यावर बळजोरी करणे होय. पांढऱ्या कपड्यांचे डाग घालविणारे क्लोरीनयुक्त द्रावण तर रेशमाला खाऊन टाकते. आजच्या पुष्कळशा धुण्याच्या पावडरींत प्रथिनांचे डाग तोडणारी विकरे असतात. त्यांना अंड्याचा डाग आणि रेशमाचा धागा यांतील फरक कळत नाही.

माहेश्वरी आणि चंदेरी या बहुधा मिश्र जातीच्या असतात : ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. अशा वेळी दोहोंपैकी जो नाजूक, त्याचा नियम पाळावा. चंदेरीची आणखी एक खूण आहे. रेशमाच्या कच्च्या धाग्यावर किड्याने दिलेला एक नैसर्गिक डिंक असतो. इतरत्र तो उकळून काढतात. चंदेरीच्या पारंपरिक विणीत तो राहू देतात. तिची झिरझिरीत पारदर्शकता आणि किंचित ताठरपणा त्यामुळेच येतो. ती गरम साबणाच्या पाण्यात घातली की हा डिंक सुटू लागतो आणि साडी लुळी पडते. पुष्कळांना वाटते की रंग गेला, म्हणून साडी उतरली. वस्तुतः रंगाबरोबर तिचे अंगही गेलेले असते. कोशाची तऱ्हा वेगळी. कोशाचा किडा ऐन आणि अर्जुन या रानातील झाडांच्या पाल्यावर वाढतो, आणि त्याच्या रेशमाला मूळचाच मधासारखा रंग असतो. या कापडावर पाण्याचा एखादाच थेंब पडला तरी वाळल्यावर त्याचे कडे उमटते. असा डाग जागच्या जागी घासू नये. साडी धुण्याजोगी असेल तर ती सबंध एकसारखी भिजवून वाळवावी, म्हणजे कडे बहुधा विरून जाते.

निगेचा आरंभ धुण्यापासून होत नाही, साडी अंगावरून उतरते त्या क्षणापासून होतो. घामात क्षार असतात, आणि घाम कापडात राहिला की कालांतराने रेशीम व रंग दोन्ही नासतात. म्हणून नेसून झालेली साडी लगेच घडी करू नये. सावलीत, वाऱ्याच्या जागी, जाड दोरीवर किंवा पलंगावर पसरून ती निदान रात्रभर मोकळी ठेवावी. दोरी बारीक असेल तर तिच्यावर प्रथम धुतलेला पंचा घालावा. मग उजेडात पदर, निऱ्यांची खालची कड आणि कमरेचा भाग तपासावा. डाग जितका ताजा तितका तो सहज निघतो. टाचण्या आणि पिना आठवणीने काढाव्यात. पावसाळ्यात त्या गंजतात आणि गंजाचा डाग कापडालाच खातो. अत्तर किंवा सुगंधी फवारा साडी नेसण्याआधी अंगाला लावावा, साडीला नव्हे.

साडी प्रत्येक वेळी धुतलीच पाहिजे असे नाही. सुती साडीला वारंवार धुणे सोसते. रेशमी साडी मात्र वारा देऊनच पुष्कळदा स्वच्छ राहते. धुण्यापूर्वी रंगाची परीक्षा अवश्य घ्यावी. आतल्या खोचण्याच्या टोकाचा कोपरा ओला करावा, पांढऱ्या सुती फडक्यावर ठेवून दाबावा आणि काही वेळाने पाहावे. काठ, पदर व अंग यांचे रंग वेगळे असल्यास प्रत्येकाची परीक्षा वेगळी घ्यावी, कारण विरोधी रंगाच्या काठांची साडी बहुधा स्वतःच्याच काठाने डागते. रंग फडक्याला लागला तर ती साडी घरी धुऊ नये. मिठाच्या पाण्यात बुडविल्याने रंग पक्का होतो ही समजूत फार जुनी आहे; परंतु मिठाने काही रंगांचे सुटणे त्या वेळेपुरते थोडे मंदावते, इतकेच. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. पैठणीचे तर पदरातील मोर-वेली निरनिराळ्या रंगांच्या सुट्या धाग्यांनी, एकमेकांत गुंतवून विणलेल्या असतात. तेथे हिरव्याचा लाल शेजाऱ्याशी क्षणोक्षणी संबंध येतो. म्हणून जरीची पैठणी पाण्यात घालू नये. ती जाणत्या ड्रायक्लीनरकडेच द्यावी, आणि डाग कशाचा आहे हेही त्याला सांगावे. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात तेल-तूप विरघळते, परंतु साखर व घाम यांचा डाग त्याने आपोआप जात नाही. पेट्रोलने घरी साडी पुसण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. त्यात साडीपेक्षा जिवाला धोका अधिक आहे.

धुण्याजोग्या रेशमी किंवा मिश्र साडीसाठी जुना रिठा आजही उत्तम आहे. रिठ्याचा फेस येतो, पण त्यात सोड्याची तीव्रता नसते. दहा-बारा रिठ्यांची टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालावीत, सकाळी चोळून पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे आणि ते बादलीभर थंड पाण्यात मिसळावे. अगदी पांढऱ्या साडीला रिठ्याची पिवळट झाक येण्याचा संभव असतो. तिला सौम्य, सोडारहित द्रव साबण बरा. पाणी जड असेल, म्हणजे साबणाचा फेस न येता त्यात दह्यासारखी साय धरत असेल, तर ते रेशमाला वापरू नये. ती साय धाग्यांत अडकून कापड निस्तेज करते. अशा वेळी पागोळीचे स्वच्छ पाणी धरून ठेवणाऱ्या जुन्या गृहिणींची युक्ती विसरण्याजोगी नाही. साडी पाण्यात पाच-सात मिनिटेच ठेवावी, हलक्या हाताने दाबावी, चोळू नये. स्वच्छ पाण्यातून तीन-चार वेळा काढावी. मग जाड पंचावर पसरून पंचासकट गुंडाळावी, म्हणजे पाणी न पिळता शोषले जाते. वाळवणे सावलीतच व्हावे. सूर्यप्रकाशाने लवकर खचणाऱ्या धाग्यांत रेशमाची गणना होते.

डागांच्या बाबतीत घाई आणि जोर हे दोन्ही शत्रू आहेत. तेला-तुपाच्या ताज्या डागावर पाणी घालू नये. शंखजिऱ्याची बारीक भुकटी त्यावर पसरावी, तासा-दोन तासांनी मऊ कुंचल्याने झाडावी आणि पुन्हा नवी भुकटी पसरावी. भेडाघाटला कारागीर ज्या मऊ दगडाच्या मूर्ती कोरतात, त्याच जातीचे हे खनिज आहे आणि तेल शोषून घेण्याचा त्याचा गुण जुना परिचित आहे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, कारण साबणातील अल्कलीने हळदीचा रंग पालटतो. त्याने घाबरून अधिक साबण लावू नये. सुती साडीवरचा हळदीचा डाग उन्हात फिकट होत जातो. रेशमाला तो उपाय लागू नाही, कारण डागाआधी कापड खचेल.

जरीची कथा आणखी वेगळी. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार व तिच्यावर सोन्याचा मुलामा. जुन्या जरीच्या साड्यांना बोहारीण आणि जर जाळणारे व्यापारी इतके का शोधीत, याचे रहस्य त्या चांदीत होते. चांदी गंधकाच्या संपर्काने काळी पडते, आणि गंधक हवेतील धुरात व रबरात असते. खोट्या जरीत तांबे असते. ते ओलीने हिरवट-काळे पडते. हल्लीच्या पुष्कळ साड्यांत प्लॅस्टिकच्या पट्टीवर धातूचा थर दिलेली जर असते. ती काळवंडत नाही, पण गरम इस्त्रीने आक्रसते. यास्तव जरीवर कधीही थेट इस्त्री फिरवू नये. साडी उलटी करावी, वर सुती फडके घालावे आणि इस्त्री रेशमाच्या खुणेवर ठेवावी. काळी पडलेली जर भांडी घासण्याच्या द्रव्यांनी उजळविण्याचा मोह टाळावा. त्याने मुलामा जातो आणि खालचे रेशीमही कुजते.

आता साठवणीकडे वळू. सुती साडीला नेसताना खळ शोभते, परंतु दीर्घकाळ ठेवावयाची साडी खळीसह ठेवू नये. खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट हे कसरीचे आवडते खाद्य. कपड्यांचे पतंग स्वतः काही खात नाहीत. त्यांच्या अळ्या खातात, आणि घामाने किंवा अन्नाच्या डागाने मळलेले रेशीम त्यांना विशेष प्रिय असते. म्हणून साडी स्वच्छ करून आत ठेवणे हाच किडीवरचा पहिला उपाय आहे. कडुलिंबाचा पूर्ण वाळलेला पाला, वेखंड, लवंगा यांची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवण्याची रीत चांगली. मात्र ती साडीला लागू नये. डांबराच्या गोळ्या जरीला स्पर्श करू देऊ नयेत, आणि कापराशेजारी तर त्या मुळीच ठेवू नयेत. दोन्ही एकत्र आले की उन्हाळ्यात वितळून पातळ होतात व डाग पाडतात. डांबराच्या गोळ्यांत राहिलेली साडी तान्ह्या बाळाला गुंडाळावयाची झाल्यास ती आधी धुऊन, पुष्कळ दिवस वाऱ्यावर ठेवली पाहिजे, कारण त्या वासातील द्रव्य काही बाळांच्या रक्ताला अपायकारक ठरते.

साडी गुंडाळण्यास जुन्या, धुऊन मऊ झालेल्या, खळ नसलेल्या धोतराइतके चांगले वस्त्र नाही. ते ओल घेते, सोडते आणि साडीला श्वास घेऊ देते. प्लॅस्टिकची पिशवी आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. वर्तमानपत्राची शाई लागते आणि त्याचा कागद पिवळा पडताना आम्लधर्मी होतो. लोखंडी पेटी गंजते, लाकडाचा अर्क कापडात उतरतो. दोहोंनाही आतून सुती अस्तर असावे. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नये. उन्हाळ्यात कूलरची दमट हवा ज्या खोलीत खेळते, त्या खोलीत रेशमाचे कपाट नसलेले बरे. वजनदार जरीची साडी हँगरवर कायम टांगू नये. तिच्याच भाराने ती मध्ये ओढली जाते. सर्वांत जुनी व नाजूक साडी घडी न करता, सुती कापडात लपेटलेल्या जाड नळीवर गुंडाळून ठेवावी.

आणि घडी! साडीच्या अकाली मृत्यूचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वर्षानुवर्षे त्याच रेषेवर राहिलेली घडी. तीन-चार महिन्यांनी साडी उलगडावी, हलकेच झटकावी आणि घडीची रेषा चार बोटे सरकवून पुन्हा ठेवावी. एवढ्या एका कृतीने ताण नव्या धाग्यांवर वाटला जातो आणि साडीचे आयुष्य वाढते. फॉलचीही परीक्षा तेव्हाच घ्यावी. न धुता शिवलेला सुती फॉल पहिल्याच धुण्यात आक्रसतो व साडीची कड चुण्यांनी ओढतो. म्हणून फॉल आधी भिजवून, वाळवूनच शिवावा.

जबलपूरच्या वर्षाला ही सारी कामे सहज बसविता येतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत साड्या तपासून, घडी बदलून, कापड बदलून ठेवाव्यात. पावसाच्या झडीत कपाट विनाकारण उघडे ठेवू नये. उघडीप पडेल त्या दुपारी मात्र ते दोन तास उघडावे. गौरी-गणपतीत नेसलेल्या साड्या तशाच कोंबू नयेत. त्या बाहेरच वेगळ्या ठेवाव्यात आणि हवा कोरडी होताच पाहाव्यात. दसऱ्यानंतर कोजागरीच्या सुमारास सर्व साड्यांना सावलीत वारा द्यावा. संक्रांतीला चंद्रकळा निघेल, तेव्हा तिच्याकडे बारकाईने पाहावे. लोहाचे क्षार व हिरड्यासारखे तुरट द्रव्य यांनी जुन्या पद्धतीने रंगविलेले काळे कापड इतर रंगांच्या आधी कुजते.

इतके करूनही एखादा धागा तुटतोच. लहान छिद्र दिसताच रफू करून घ्यावे. मोठे होण्याची वाट पाहू नये. अंग विरले आणि काठ-पदर शाबूत असले, तर ते नव्या सुती अंगावर चढविता येतात. तेही शक्य नसेल तेव्हा साडी दुपट्यात, गोधडीत, बाळाच्या झबल्यात नवा जन्म घेते. मराठी घरांत जीर्ण वस्त्राचा असा सन्मान फार पूर्वीपासून होत आला आहे.

हातमागावरची एक पैठणी विणावयास काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. त्या दिवसांत विणकराच्या हातांनी धाग्याधाग्याला जी काळजी दिली, तिचे पुढचे उत्तरदायित्व घराकडे येते. ते पेटीला कुलूप लावून पुरे होत नाही. साडीला वारा हवा, विसावा हवा, घडीपालट हवी, आणि या सर्वांसाठी तिला मधूनमधून अंगावर यावयास हवे. जी साडी नेसली जाते तिचा डाग वेळेवर दिसतो, तिचा तुटलेला टाका वेळेवर सापडतो, आणि ती कोणाची, कधीची, कोठून आली हे घरातल्या मुलींना ऐकावयास मिळते. न नेसलेल्या साडीचे यांपैकी काहीच होत नाही. म्हणून पुढचा कोरडा दिवस पाहून पेटी उघडावी, सर्वांत खालची साडी वर घ्यावी आणि येत्या सणाला तीच नेसावी.